किल्ली, कुलूप आणि वाहनचोर



२०२३ सालच्या पावसाळ्यातील एक साधी घटना प्रथम सांगतो. बेळगावात आमच्या शाळेच्या फाटकाशेजारी दोन दुचाकी गाड्या उभ्या होत्या. एक माझी, दोन वर्षांपूर्वी घेतलेली स्कूटर. दुसरी आमच्या शिपाईमामांची मोटारसायकल, वयाने पंधरा वर्षांची व दोन मालकांच्या हातून फिरून त्यांच्याकडे आलेली. मधल्या सुटीची घंटा देऊन मामा फाटकाशी गेले, तेव्हा माझी स्कूटर जागच्या जागी होती आणि त्यांची मोटारसायकल नाहीशी झाली होती. "सर, तुमची राहिली हे बरे झाले," एवढेच ते बोलले.

त्या मोटारसायकलचे कुलूप इतके झिजले होते की, कोणतीही चपटी किल्ली त्यात सहज फिरे. खुद्द मामाच कधी कधी घरच्या कपाटाची किल्ली लावून ती सुरू करीत. पोलीसचौकीत फिर्याद नोंदविल्यावर आम्ही विम्याचे कागद पाहिले. कायद्याने सक्तीचा असतो तेवढाच, म्हणजे ज्याला लोक थर्ड पार्टी म्हणतात तो विमा मामांनी उतरविला होता. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर त्याची भरपाई हा विमा करतो. आपली गाडी चोरीस गेली तर एक पैही देत नाही. माझ्या नव्या स्कूटरचा विमा मात्र चोरीसह सर्व प्रकारांचा होता. म्हणजे जिला चोराचे भय अधिक तिला संरक्षण नाही आणि जिला भय कमी तिला दोन्हींकडून संरक्षण, असा हा उफराटा न्याय होता.

चोराने माझी नवी, अधिक किमतीची गाडी सोडून मामांची जुनी गाडी का नेली, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिला. त्याचे उत्तर शोधता शोधता वाहनचोरीचा सारा इतिहासच चाळावा लागला. आज त्यातील काही भाग आपल्यापुढे ठेवतो.

कार्ल बेंझ याने आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट १८८६ साली घेतले. त्यानंतर सुमारे दहा वर्षांतच मोटारचोरही अवतरला. १८९६ च्या जून महिन्यात पॅरिसमध्ये बॅरन द झुइलेन या धनिकाची प्यूजो मोटार चोरीस गेली. मोटारचोरीचा पहिला नोंदलेला प्रसंग म्हणून याच चोरीचा उल्लेख सर्वत्र केला जातो. गाडी दुरुस्तीसाठी कारखान्यात ठेवली होती आणि ती पळविणारा मनुष्य बॅरनचाच यांत्रिक होता. लवकरच पॅरिसजवळच्या आनियेर या गावी चोर व मोटार दोन्ही सापडली. त्या काळी मोटार चालविणे हीच एक दुर्मिळ विद्या होती, म्हणून चोरही जाणकारांतूनच निघे. गाडीला कुलूप नव्हते, कारण कुलपाची गरजच कोणाला वाटली नव्हती. हँडल फिरवून यंत्र सुरू करण्याची दगदग हेच तिचे कुलूप होते.

हे कुलूप माणसाच्या सोयीने मोडले. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकाने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो बसविण्यात आला. हँडल गेले, बटण आले. इकडे हेन्री फोर्डने १९०८ मध्ये बाजारात आणलेली मॉडेल टी ही मोटार १९२७ पर्यंत दीड कोटीच्या संख्येने निघाली. एकासारखी दुसरी असलेल्या लक्षावधी गाड्या रस्त्यावर आल्या, की चोरलेली गाडी ओळखणे कठीण व विकणे सोपे होते. त्यातून फोर्डच्या कुलपांची कथा तर ऐकण्यासारखी आहे. १९१९ नंतर स्टार्टर लावलेल्या मॉडेल टी मोटारींना किल्लीचे कुलूप आले खरे. परंतु किल्ल्यांचे प्रकार होते अवघे चोवीस, ५१ पासून ७४ पर्यंत क्रमांकांचे. आणि कोणत्या कुलपाला कोणती किल्ली लागते तो क्रमांक कुलपाच्या तोंडावरच ठसठशीत छापलेला असे. चोवीस किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या खिशात, त्याला लक्षावधी मोटारींची दारे मोकळी. किल्ली हरवलेल्या गिऱ्हाइकाची सोय करण्यासाठी ही व्यवस्था होती; तिचा लाभ चोरालाही तितकाच झाला.

चोरीची गाडी वेगाने पळते, पण कायदा आपल्या हद्दीपाशी थांबतो. अमेरिकेत एका राज्यातील गाडी रात्रीतून दुसऱ्या राज्यात जाई आणि पहिल्या राज्याचे पोलीस सीमेवरूनच परतत. यावर उपाय म्हणून तेथील काँग्रेसने १९१९ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय मोटारचोरी कायदा केला. मिझुरी राज्याचे प्रतिनिधी लिओनिडस डायर यांच्या नावाने तो डायर कायदा म्हणून ओळखला जातो. चोरीचे वाहन जाणूनबुजून राज्याच्या सीमेपार नेणे हा या कायद्याने मध्यवर्ती सरकारच्या कक्षेतील गुन्हा ठरला व त्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवण्यात आली. जॉन डिलिंजर हा बँका लुटणारा कुप्रसिद्ध दरोडेखोर. ३ मार्च १९३४ रोजी तो इंडियाना राज्यातील क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून निसटला, तो तेथील शेरीफचीच मोटार घेऊन, आणि त्याच मोटारीने इलिनॉय राज्यात शिरला. ती सीमारेषा ओलांडताच प्रकरण मध्यवर्ती तपासखात्याच्या हाती गेले. त्याच वर्षीच्या जुलैत शिकागोमध्ये त्या खात्याच्या माणसांच्या गोळ्यांनी तो मारला गेला. बँकांच्या दरोड्यांनी जे घडले नव्हते ते एका चोरीच्या मोटारीने घडविले.

इंग्लंडात अडचण वेगळीच होती. तेथील कायद्याप्रमाणे मालकाला वस्तूपासून कायमचे वंचित करण्याचा हेतू असेल तरच ती चोरी. एखाद्या तरुणाने दुसऱ्याची मोटार घ्यावी, रात्रभर हुंदडावे आणि पहाटे ती रस्त्याच्या कडेला टाकून चालते व्हावे, याला चोरी म्हणता येईना. शेवटी १९३० च्या रस्तेवाहतूक कायद्यात मालकाच्या संमतीवाचून वाहन नेणे हा स्वतंत्र गुन्हा मानण्यात आला. आपल्या देशात हा प्रश्न उठला तो विमानाच्या निमित्ताने, हे ऐकून नवल वाटेल. १९५२ च्या मे महिन्यात जोधपूर येथील हवाईदलाच्या अकादमीतील एका प्रशिक्षणार्थीने एका सोबत्यासह परवानगीवाचून हार्वर्ड विमान उडविले आणि ते पाकिस्तानच्या हद्दीत उतरविले. ही चोरी की नुसता उनाडपणा? सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये निर्णय दिला की, आपल्या दंडसंहितेप्रमाणे वस्तू अप्रामाणिकपणे थोड्या वेळासाठी नेली तरीही ती चोरीच होय. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे व चोरीचे कलम आता ३०३ वे आहे. परंतु व्याख्येचा गाभा तोच राहिला आहे.

आता कुलपाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली फ्रान्स पडल्यावर, शत्रूचे छत्रीधारी सैनिक उतरले तर त्यांच्या हाती आयती वाहने लागू नयेत म्हणून ब्रिटनमध्ये उभी केलेली मोटार निकामी करून ठेवणे सक्तीचे झाले. लोक इंजिनातील रोटर नावाचा लहानसा भाग काढून खिशात घालीत. ही तजवीज ज्याने केली नाही त्याला दंड होई. युद्ध संपले आणि सवयही गेली. पुढे मोटारी वाढल्या तसे चोर किल्लीच्या वाटेस जाईनासे झाले. डॅशबोर्डाखालील तारा ओढून एकमेकींना जोडल्या की यंत्र सुरू होई; किल्ली केवळ शोभेची राहिली.

यावर तोडगा निघाला तो स्टेअरिंगच्या कुलपाचा. किल्ली काढून घेतली की स्टेअरिंगचा दांडा जखडला जावा, म्हणजे तारा जोडून यंत्र सुरू झाले तरी गाडी वळविता येणार नाही. माझ्या प्रश्नाचे उत्तर येथेच सापडते, म्हणून हा भाग जरा सावकाश सांगतो. पश्चिम जर्मनीने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी हे कुलूप नव्या आणि जुन्या अशा सर्व मोटारींना सक्तीचे केले. ज्यांच्या गाड्या जुन्या होत्या त्यांनाही ते बसवून घ्यावे लागले. परिणाम असा झाला की, त्या देशातील मोटारचोऱ्या झपाट्याने उतरल्या व पुढेही दीर्घकाळ उतरलेल्या राहिल्या. ब्रिटनने हेच कुलूप १९७१ पासून सक्तीचे केले, परंतु केवळ नव्या मोटारींना. जुन्या मोटारींच्या मालकांवर खर्चाचा भार नको, असा त्यात सोयीचा विचार होता. ब्रिटिश गृहखात्याच्या संशोधकांनी १९७६ मध्ये लंडनमधील आकडे तपासून पाहिले. १९६९ साली चोरीस गेलेल्या वाहनांत नव्या गाड्यांचा वाटा सुमारे एकपंचमांश होता; १९७३ साली तो सुमारे एकविसांशावर आला. नव्या गाड्यांचे मालक सुखी झाले. परंतु एकूण चोऱ्या काही घटल्या नाहीत. चोर नव्या गाडीजवळून उठला व शेजारच्या जुन्या गाडीपाशी जाऊन बसला.

कुलूप तेच आणि चोरांची जातही तीच. फरक झाला तो कुलूप सर्वांना लावण्यात आणि काहींनाच लावण्यात. एका ठिकाणी चोरी कमी झाली, दुसऱ्या ठिकाणी ती ऐपत असलेल्याच्या दारातून ऐपत नसलेल्याच्या दारात सरकली. आमच्या शाळेच्या फाटकाशी नेमके हेच घडले होते.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे इमोबिलायझर. किल्लीच्या मुठीत एक चिमुकली चकती असते. गाडीतील यंत्रणा तिच्याकडे खुणेचा संकेत मागते व तो जुळल्याखेरीज इंजिनाला चालू होऊ देत नाही. युरोपीय संघाने १९९८ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक नव्या मोटारीला ही यंत्रणा सक्तीची केली. नेदरलँड्समधील दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ते २००८ या काळाचा अभ्यास करून असा हिशेब मांडला की, चोरांनी जुन्या गाड्यांकडे वळविलेला मोर्चा जमेस धरूनही या एका यंत्रणेने मोटारचोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी केल्या. इंग्लंड व वेल्समध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी वर्षाला पाच लाखांहून अधिक वाहने चोरीस जात. २०१३-१४ मध्ये ही संख्या एक लाखाच्या बरीच खाली आली होती. अमेरिकेत १९९१ साली चोऱ्यांनी सोळा लाखांचा आकडा ओलांडला होता. २०१४ च्या सुमारास तो सात लाखांच्या आसपास उतरला.

परंतु कुलूपकार झोपला की चोर जागा होतो. अमेरिकेत इमोबिलायझर कायद्याने सक्तीचा नव्हता. म्हणून २०११ ते २०२१ या काळात तेथे विकल्या गेलेल्या किया व ह्युंदाई या कंपन्यांच्या कित्येक स्वस्त मोटारींत तो बसविलाच गेला नाही. शेजारच्या कॅनडात तो सक्तीचा असल्यामुळे त्याच कंपन्यांनी तेथील गाड्यांत तो बसविला होता. २०२१ मध्ये मिलवॉकी शहरात हे छिद्र पोरसवदा चोरांच्या ध्यानी आले आणि २०२२ मध्ये त्याची चित्रफीत मुलामुलांच्या मोबाइलांतून देशभर पसरली. २०२३ साली अमेरिकेतील वाहनचोऱ्या पुन्हा दहा लाखांच्या वर गेल्या होत्या. येथेही भोग कोणाला? स्वस्त मोटार घेणाऱ्याला.

महागड्या गाड्यांचेही आता वेगळे दुखणे आहे. किल्ली खिशात ठेवूनच दार उघडणाऱ्या गाड्या निघाल्या, तेव्हा दोन चोर मिळून ती किल्ली लांबवू लागले. आणि तीही हात न लावता. एकजण घराच्या भिंतीजवळ उभा राहून आतील किल्लीचा क्षीण संकेत यंत्राने मोठा करतो, दुसरा गाडीशेजारी तो झेलतो आणि मालक अंगणात आला आहे अशी गाडीची समजूत होते. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्येच आठ कंपन्यांच्या दहा मोटारींवर हा प्रयोग करून दाखविला होता. त्या इशाऱ्याकडे वेळीच लक्ष गेले नाही. इंग्लंड व वेल्समधील चोऱ्या २०२२-२३ पर्यंत पुन्हा एक लाखाच्या वर गेल्या, त्यामागे हे एक कारण आहे. तेथे सुतार, गवंडी, प्लंबर यांच्या व्हॅन हेही चोरांचे आवडते लक्ष्य आहे. व्हॅनबरोबर हत्यारे जातात आणि हत्यारांबरोबर त्या कारागिराची रोजीही जाते.

आता आपल्या घरचे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची स्थापना १९८६ साली झाली. त्याच्या वार्षिक अहवालांवरून दिसते की, अलीकडच्या काळात भारतात वर्षाकाठी दोन लाखांहून अधिक वाहने चोरीस जात आहेत. त्यांतील बहुसंख्य दुचाकी असतात आणि एकट्या दिल्ली शहराचा वाटा फार मोठा असतो. हे आकडे वाचताना एक पथ्य पाळावे लागते. वाहनचोरीची नोंद इतर चोऱ्यांच्या मानाने अधिक भरवशाची असते, कारण पोलिसांतील फिर्यादीखेरीज विमा कंपनी पैसे देत नाही. पण ज्याच्या विम्यात चोरी बसतच नाही, त्याला चौकीच्या पायऱ्या झिजविण्याचे कारण उरत नाही. म्हणून जुन्या, स्वस्त गाड्यांच्या चोऱ्या कागदावर दिसतात त्याहून अधिकच असणार, असा तर्क करण्यास जागा आहे.

चोरलेल्या गाडीचे पुढे काय होते? तिला तीन वाटा असतात. पहिली वाट परप्रांताची. बेळगावहून महाराष्ट्राची वा गोव्याची हद्द दोन तासांच्या आत गाठता येते. डायर कायद्यामागची अडचण आपल्या भागातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरी वाट सोंगाची. अपघातात चुराडा झालेल्या गाडीची कागदपत्रे विकत घ्यायची, तिचाच चासी क्रमांक चोरीच्या गाडीवर कोरायचा आणि मेलेल्या गाडीच्या नावाने चोरलेली गाडी जिवंत करायची. तिसरी वाट भंगारबाजाराची. गाडीचे सुटे भाग झाले की ओळख संपते. मेरठच्या सोतीगंज बाजाराची या बाबतीत देशभर अपकीर्ती होती. २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बंद पाडला. त्याच वर्षी वाहने मोडीत काढण्याविषयी नवे नियम आले. जुनी गाडी नोंदणीकृत केंद्रातच मोडली जावी व तिचा चासी क्रमांक पुन्हा वापरता येऊ नये, असा त्यांचा रोख आहे. चोरीचा माल विकत घेणारा नसेल तर चोरी करून लाभ काय, हा विचार कुलपाइतकाच मोलाचा आहे.

सुरक्षित नंबरप्लेटची गोष्टही येथेच सांगायला हवी. न काढता येणाऱ्या खिळ्यांनी बसविलेल्या, क्रमांक कोरलेल्या या पाट्यांची तरतूद २००१ मध्ये झाली. नव्या वाहनांना त्या सक्तीच्या झाल्या १ एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात ही सक्ती प्रत्यक्षात येऊ लागली ती २०२५ मध्ये आणि तिची मुदतही पुढे पुढे ढकलावी लागली. जुन्या गाडीच्या मालकाला हा खर्च जाचक वाटतो. त्याची कुरकुर मी समजू शकतो. तथापि जर्मनी आणि ब्रिटन यांचा दाखला डोळ्यांसमोर ठेवला म्हणजे कळते की, जुन्या गाड्यांना वगळणे ही सवलत दिसते खरी, पण त्या सवलतीची किंमत अखेर जुन्या गाडीचा मालकच चुकवितो. सक्ती सर्वांना असावी. मात्र ज्याला झेपत नाही त्याचा खर्च समाजाने थोडा वाटून घ्यावा, हे अधिक न्यायाचे.

शिपाईमामांची मोटारसायकल आजतागायत सापडलेली नाही. दुसरी घेण्याचे त्यांना जमले नाही. ते पहाटे लवकर निघून बसने येतात. त्या घटनेनंतर आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून फाटकाच्या आत भिंतीलगत एक लोखंडी नळ रोवून घेतला आणि एक लांब जाड साखळी आणली. सकाळी सर्वांच्या गाड्या नळाशेजारी ओळीने लागतात. नवी-जुनी, सायकल-स्कूटर असा भेद न करता प्रत्येकीच्या चाकातून ती एकच साखळी ओवली जाते आणि शेवटी एकच कुलूप पडते. त्याची किल्ली मामांच्या खिशात असते. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याची मोडकी सायकल साखळीबाहेर राहिली होती, तर मामांनी पहिला तास सुरू होण्याआधी कुलूप पुन्हा उघडले, ती सायकल आत घेतली आणि मगच घंटा दिली.